डालग्याखालचं फूल

मी खोटं बोलते असं अख्खं गाव म्हनायचं, आन् गाव काय चुकीचं म्हनत न्हवतं. पन एकदा मी सलग दोन दिस खरं बोलले, ते कुनालाच पटंना, आन् माझ्या सासऱ्याच्या हातातली देवळाची किल्ली जायची येळ आली.

दुसरी मोठी लढाई संपून वरीस झालं हुतं. मी राहात्याची. सोळाव्या वर्सी लगीन होऊन जामखेडकडल्या ह्या गावात आले. माझं माहेर पाटाच्या पान्याचं, हिरवंगार. हितं बघावं तिकडं दगड, बोरी आन् वारा. पयल्याच आठवड्यात हिरीवर बायांनी इचारलं, "काय गं मरिया, तुझ्या माहेरी काय पिकतं?"

मी म्हनलं, "पेरू. आन् पेरू एवढा, की आमी दोघी बहिनी आतला गर खाऊन त्यात बसायचो आन् पाटात सोडून द्यायचो. थेट शाळंच्या दारात उतरायचो."

समद्या हसल्या. झुंबरबाई धनगरीन तेवढी हसली न्हाई. ती म्हनली, "आन् येताना? येताना पानी उलटं वाहायचं का?"

"येताना चालत. पेरू मास्तर खायचे."

तवापासनं माझं नाव पडलं फेकी मरिया.

माझे सासरे योसेफ. देवळाची किल्ली त्यांच्याकडं. देऊळ म्हंजी आमचं चर्च, आमी देऊळच म्हनतो. झाडलोट करायची, घंटा वाजवायची, कंदील पुसायचे, आन् त्याच्या बदली देवळामागची एक खोली आमाला राहायला. सासू न्हवती. मालक नगरला नोकरीला, महिन्यातनं एकदा यायचे. म्हंजी घरात मामंजी आन् मी. मामंजी लई कमी बोलायचे. माझी गोष्ट पुरी आयकून घ्यायचे आन् शेवटाला म्हनायचे, "बरं." ते 'बरं' म्हनले की समजायचं, एक अक्षर पटलेलं न्हाई.

आता ते झाड कुठनं आलं ते सांगते. आमचे पाळक, म्हंजी देवळाचे पाद्री, एलियासाहेब, त्यांची बायको कृपाबाई. शिकलेली बाई, पुण्याकडची. हितं आल्यावर तिनं गुलाब लावला, मेला. मोगरा लावला, त्यो बी मेला. मंग तिनं हट्टच धरला, की जे मरत न्हाई तेच लावायचं. फुटक्या मडक्यात, बिनकानाच्या कपात, रॉकेलच्या डब्यात नुसते निवडुंग. कोन गोल, साळिंदराच्या पिलावानी. कोन बोटाबोटांचं. एक तर असं दगडासारखं, की पानी घालताना खऱ्या दगडावर घातलं जायचं. लोक म्हनायचे, बाईनं काट्याची कुपाटी घरात आनली. पन पाऊस सरला, अश्विन लागला, की त्या काट्यांना फुलं यायची. एकाच्या डोक्यावर तर गुलाबी फुलांचं कडं, जसं कुनी मोजून बसवलंय. मी रोज काहीतरी निमित्त काढून बघाया जायची.

त्यातलं एक झाड नगरच्या एका मडमेनं विलायतेला परत जाताना दिलेलं. काटा न्हाई, पान न्हाई, नुसती चौकोनी हिरवी बोटं. तीन वर्सं त्याला काय बी आलं न्हाई. आन् त्या साली कळी आली. पयल्यांदा हरभऱ्याएवढी, मंग लिंबाएवढी, मंग फुगलेल्या पुरीएवढी, पाच शिवनी घातलेली. आत काय असंल म्हनून गावातली बाईन् बाई येऊन बघून गेली. कुनी म्हनलं तांबडं, कुनी म्हनलं निळं. मी म्हनलं, आतनं पोपट निघनार.

कृपाबाईंनी ठरवलं, हे फूल कापनीच्या सनाला देवाम्होरं ठेवायचं. त्या सनाला लोक नवं पीक देवळात आनतात. बाजरीची कनसं, भोपळे, मटकी, पाय बांधलेल्या कोंबड्या. बुधवारीच तिनं त्या झाडाचं डबडं देवळातल्या प्रार्थनेच्या मेजाशेजारी ठेवलं आन् वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं.

"रविवारी सगळ्यांसमोर उघडीन," ती म्हनली. "तोवर कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही बघणार."

आन् खरंच बघितलं न्हाई. अशी धीराची बाई. माझ्यात असता तेवढा धीर, तर ही गोष्टच झाली नसती.

गुरवारी दुपारी देवळात वास सुटला. काय वास म्हनता! उंदीर मरून आठ दिस झाल्यावर येतो तसा. पाळकसाहेब रुमाल नाकाला लावून आले.

"योसेफ, उंदीर मेलाय कुठेतरी. आणि तू झाडतोस काय?"

मामंजींनी पोती हलवली, भोपळे एक एक उचलले, बिळं उकरली, शिडी लावून कौलं काढली. एक वटवाघूळ घावलं, पन ते जित्तं हुतं आन् त्याचा काय दोष न्हवता. वास काय जाईना. शुक्करवारी सकाळी तर दुप्पट झाला.

पाळकसाहेब दारातनंच बोलले, "रविवारी दहा गावची माणसं येणार. उद्या संध्याकाळपर्यंत ही घाण निघाली नाही, तर किल्ली मेजावर ठेवायची आणि खोली रिकामी करायची."

मामंजींनी कंबरेला हात नेला. किल्ली करगोट्याला बांधलेली असायची, तिच्यावर हात ठेवून उभे राह्यले.

दुपारी मी झाडायला गेले. झाडता झाडता बघितलं, तर माशा. भोपळ्यावर एक न्हाई, मेजावर एक न्हाई. समद्या डालग्याच्या भोकांतनं आत-बाहीर, आत-बाहीर, जशी आत कुनाची जेवनावळ बसलीय. मंग माझा हात काय राहतो व्हय? उचललं डालगं.

आई शप्पत सांगते. पाच पाकळ्यांची चांदनी, माझ्या पंज्याएवढी. रंग काळिजाचा, वर पिवळ्या सुरकुत्या, आन् कडंला केस! बोकडाच्या कानावर असत्यात तसं बारीक केस. मी नाक जवळ नेलं आन् तिथंच मागं पडले. उंदीर-बिंदीर काय न्हाई, फूलच घान मारत हुतं. आन् माशा त्याला मटन समजून त्यात अंडी घालीत हुत्या. माशा फसल्या, ते मला लई आवडलं. माझ्याहून मोठं फेकाडं मी पयल्यांदाच बघत हुते.

डालगं झाकलं आन् पळत मामंजींकडं. "मामंजी, उंदीर न्हाई. फूल उमललंय, त्याचाच वास हाय. मटनाचं सोंग घेतलंय त्यानं."

मामंजींनी पुरं आयकून घेतलं. म्हनले, "बरं."

"न्हाई वो, खरंच! केस हायेत त्याला!"

"बरं, बरं," ते म्हनले, आन् कुदळ घेऊन पायरी उकरायला गेले.

"एकदा डालगं उचलून बघा तरी."

"बाईंनी हात लावू नको म्हनलंय. नोकरी ऱ्हायली काय न्हाई काय, सांगितलेलं मोडायचं न्हाई."

मंग शनवारी सकाळी मी सरळ कृपाबाईंच्या दारात. "बाई, तुमचं फूल उमललंय. पन ते घान मारतं."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. "तीन वर्षं मी त्याला हातानं पाणी घातलंय मरिया. फूल कधी घाण मारतं का? सासऱ्याची चूक माझ्या फुलावर ढकलतेस? जा, त्या पेरूत बस आणि राहात्याला जा!"

दार लागलं. मी अंगनात उभी. दुपार होत आली हुती, सांजच्याला किल्ली मेजावर. खोलीतनं मामंजींनी पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. मंग मला कळलं, मी काय चुकले ते. गावाला माझं खरं पचायची सवयच न्हवती. सवय हुती ती माझ्या खोट्याची.

घागर घेतली आन् हिरीवर गेले. झुंबरबाई हुतीच.

"झुंबरमावशी, कुनाला सांगू नको. देवळातला उंदीर का घावत न्हाई, म्हाईत हाय? त्या झाडानं खाल्ला."

"झाडानं?"

"मडमेचं झाड हाय ते, मटन खातंय. जीभ बघितली मी. एवढी लांब, केसाळ, काळिजासारखी. डालग्याच्या भोकातनं बाहीर काढून चाटत हुतं."

"चल, फेकी!" ती म्हनली. पन घागर अर्धी भरलेली तशीच उचलून निघाली.

मी घरी पोचायच्या आत झाडानं मांजर खाल्लेलं हुतं. चार वाजता शेळी. पाचाला खालच्या आळीतला गहिनीनाथ काठी घेऊन आला, त्याला कुनीतरी सांगितलेलं की झाडानं पाळकांचा बूट धरलाय. देवळाम्होरं ही गर्दी! टोप्यावाले, फेटेवाले, कडंवर पोरं घेतलेल्या बाया. पाळकसाहेब पायरीवर उभे राहून वरडत हुते, "अरे, अंधश्रद्धा आहे ही! साधं फूल आहे!"

"मंग दावा की," झुंबरबाई म्हनली.

"दाखवतोच!"

कृपाबाई म्हनाल्या, "उद्यापर्यंत थांबा हो," पन साहेब आता थांबायचे न्हवते. डबडं बाहीर आनलं, डालगं उपटलं. माशांचा ढग उठला. लोक चार पावलं मागं सरले. गहिनीनाथानं काठी उगारली.

"पाहा! आहे का जीभ? आहेत का दात? फूल! देवानं केलेलं सुंदर फूल!" असं म्हनून साहेबांनी समद्या गावादेखत वाकून त्याचा मोठ्ठा वास घेतला.

त्यांचं तोंड मी अजून इसरले न्हाई. डोळं फिरलं, मिशी हालली, आन् तोंडातनं आवाजच निघंना. शेवटी म्हनले, "कृपा... उंदीर सापडला."

मंग काय! ज्याला त्याला वास घ्यायचा. रांग लागली. लोक वास घ्यायचे, ओकारी काढायचे आन् परत रांगेत मागं जाऊन उभे राहायचे. झुंबरबाई हुंगून म्हनली, "आमच्या डोंगरात माकडशिंगाच्या बिनपानाच्या झुडपाला बी ह्याच दिवसांत फुलं येत्यात, त्यांचा बी असाच वास. जरा कमी. मला म्हाईतच हुतं."

"मंग दोन दिस बोलली का न्हाईस?" मी म्हनलं.

"मला कुनी इचारलं?"

कृपाबाई रडतील असं वाटलं हुतं. पन त्या खाली बसल्या, पदर नाकाला लावला आन् एका माशीकडं बघत राह्यल्या. "अंडी घालतेय गं ही," त्या हळूच म्हनाल्या. "मरिया, बघ ना, किती हुशार आहे हे झाड." दुसऱ्या दिवशी सनाला ते डबडं देवळाच्या कुपाटीपाशी ठेवलं, आन् दहा गावची मानसं आधी तिकडं गेली, मंग आत.

पन त्या शनवारी सांजच्याला गर्दी पांगल्यावर पाळकसाहेब मामंजींजवळ आले. मामंजींनी किल्ली आधीच सोडून हातात धरलेली. साहेबांनी त्यांची मूठ दाबून बंद केली आन् निघून गेले.

मी पेटीतली भांडी परत फळीवर लावत हुते. मामंजी उंबऱ्यावर बसून किल्ली करगोट्याला बांधत हुते. गाठ दोनदा वढून बघितली. मंग त्यांनी इचारलं,

"मरिया, त्यो राहात्याचा पेरू. दोघी बसायच्या त्यात?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मानूस खरंच इचारत हुता.

"न्हाई मामंजी," मी म्हनलं. "ते मी वाढवून सांगितलं. एकच बसायची."

मामंजींनी मान हालवली. "तेच म्हनलं मी," ते म्हनले. "दोघी म्हंजी जरा जास्तच व्हतंय."