दगडावरची घाई

टेलरमास्तरांनी लग्नाचं विचारलं, तेव्हा सिस्टर हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. "आधी तुमच्या मंडळींची कबर दाखवा," त्या म्हणाल्या. "जिच्या घरात जायचं, तिला भेटल्याशिवाय मी उत्तर देणार नाही." इस्पितळात उभा जन्म काढलेल्या बाईला नाही म्हणायची कुणाची छाती! मास्तर "अवश्य, अवश्य" म्हणाले आणि घरी येऊन डोकं धरून बसले.

कारण त्या कबरीवर मास्तरांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्या चर्चची जुनी रीत अशी, की नवरा-बायकोतलं एक गेलं की मागे राहिलेल्याचंही नाव त्याच दगडावर कोरायचं, फक्त साल मोकळं ठेवायचं. इथवर ठीक होतं. पण बारा वर्षांपूर्वी बायको गेली त्या दुःखाच्या भरात मास्तरांनी आपल्या नावाखाली आणखी दोन शब्द कोरून घेतले: 'लवकरच येतो.'

"मास्तर, घाई नको," पाथरवट म्हणाला होता. "हा दगड आहे, उसवता यायचा नाही."

"उसवायचंय कुणाला!" मास्तर त्याच्यावर खेकसले होते.

आणि गेल्या आठवड्यात हेच मास्तर त्याच्या दारात उभे राहून हळूच विचारत होते, "घासून काढता येईल का रे?" तो म्हणाला, येईल, पण खड्डा पडेल, आणि मग इथे काय होतं म्हणून जो तो विचारेल. झालं! शेवटी मास्तरांनी त्या दोन शब्दांपुढे शेवंतीची भलीमोठी कुंडी नेऊन ठेवली. माणूस साठी उलटल्यावर शहाणा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मास्तरांकडे बघावं.

रविवारी दुपारी सिस्टर आल्या. मास्तरांचा बेत साधा होता. फाटक बंद व्हायच्या वेळेपर्यंत त्यांना चर्चच्या आतच फिरवायचं, भिंतीवरच्या जुन्या पाट्या दाखवायच्या आणि कबरीपाशी जेमतेम उभं राहून निघायचं. पण सिस्टरांनी चष्मा लावला आणि प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला सुरुवात केली. मास्तरांचा हात खिशातल्या तंबाखूच्या डबीकडे गेला, पण सिस्टरांनी चष्म्यावरून पाहताच मागे आला.

"हे कप्तानसाहेब," मास्तर म्हणाले. "जहाजासकट बुडाले."

"खाली लिहिलंय, हे तिसरं जहाज. पहिली दोन बुडवल्यावर ह्यांना तिसरं दिलं कुणी?"

पुढे एक न्यायाधीश होते. दयाळू, दानशूर, विनम्र, पाटीवर तसूभर जागा मोकळी नव्हती. सिस्टर वाकल्या. "विनम्र खरेच. पाटी जिवंतपणी स्वतःच बसवून घेतलीय."

त्यांच्या शेजारी एका बाईंची संगमरवरी पाटी होती, नवऱ्याने लावलेली. हिने कधी उलट उत्तर दिलं नाही, असं त्याने मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. "अकरा मुलं झाली तिला," सिस्टर म्हणाल्या. "उत्तर द्यायला फुरसत कुठली?"

मास्तर खो खो हसले आणि हसता हसताच त्यांना वाईट वाटलं. ही बाई ॲप्रन शिवून घ्यायला दुकानात यायची, तेव्हापासून त्यांना आवडत होती. ती नाही म्हणाली, तर पुन्हा तेच रिकामं घर आणि ताटापुढे एकट्याने बसणं आलं.

"चला आता," सिस्टर म्हणाल्या. "किती टाळाल?"

मागच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात ती कबर होती. सिस्टरांनी बायकोचं नाव वाचलं, साल वाचलं, मास्तरांचं नाव वाचलं. मग त्यांची नजर कुंडीवर गेली. "अहो, शेवंती कुणी अशी सावलीत ठेवतं का? मरेल ती!" असं म्हणून त्यांनी कुंडी उचलून बाजूला उन्हात ठेवली.

घ्या! आता लपवायला काही उरलं नाही. सिस्टरांनी ते दोन शब्द मोठ्याने वाचले आणि मास्तरांकडे पाहिलं.

"खोटं नव्हतं ते," मास्तर म्हणाले. "एक दिवस काढवणार नाही असं वाटत होतं. तिच्या मागोमाग जायचंच ठरवलं होतं मी."

"मग?"

"मग शाळेचे गणवेश शिवायला आले." मास्तरांनी मान खाली घातली. "जून तोंडावर होता. पोरं थांबत नाहीत हो. ते होईतो थंडीचे कोट आले. आणि मग ते राहूनच गेलं. आता तर जगावंसं वाटतंय, आणि इथे उभं राहायची लाज वाटते."

गुडघ्यावर हात टेकत सिस्टर कबरीपाशी खाली बसल्या, पर्समधून रुमाल काढला आणि कुंडीची माती त्या अक्षरांमधून नीट पुसून काढली. मग आजारी माणसाच्या कॉटशेजारी बसून बोलावं तशा दगडाशी बोलायला लागल्या.

"बाई, हे येतील. शब्द मोडणारे नाहीत. पण लवकर म्हणजे केव्हा, ते इथून पुढे मी बघणार. तोवर जरा कळ काढा."

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सिस्टर उठल्या, साडी झटकली आणि हात पुढे केला.

"ती खिशातली तंबाखूची डबी द्या इकडे."

मास्तरांनी मुकाट्याने काढून दिली.