खुणेचा दगड

कुदळीचा दांडा शिदूच्या पाठीवर बसला, तेव्हा भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा आवाज झाला. शिदू पुढे कलला, पण पडला नाही. कापलेल्या गवतात पाय रोवून तो मागे वळला.

"दादा, म्या हात लावला न्हाई दगडाला."

"मग दगुड काय चालत आला?" कैलासने दांडा पुन्हा उचलला. "पाय फुटले व्हय त्याला?"

अनिता चहाची किटली घेऊन नुकतीच रानात पोचली होती. एका हातात किटली, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले स्टीलचे पेले. कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे घेणारे दोन गडी काम थांबवून उभे होते. तिचे सासरे, महिपती आबा, रचलेल्या सिमेंटच्या खांबांवर बसले होते. कैलास हा तिचा नवरा, त्यामुळे दांडा किती वर गेला की किती जोरात खाली येतो याचा अंदाज त्या सगळ्यांपेक्षा तिला जास्त होता.

भाजे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, त्यांचं हे गवताचं रान होतं. खाली खाचरं, तिथे बांध होते. वर बांध नव्हते, नुसते हद्दीचे दगड रोवलेले. वरच्या बाजूला शिदूचा तुकडा, आणि त्याच्याही वर त्याच्या वस्तीची घरं. दोघांच्या मधला दगड ऐनाच्या झाडाच्या जुन्या खुंटाजवळ असायचा. आज कैलास कुंपणासाठी दोरी ताणायला आला, तर खुंटाजवळ दगड नव्हता. तो बराच खाली, त्यांच्याच रानात, करवंदीच्या जाळीला लागून सरळ उभा होता.

"हद् खुटाजवळच हाय," शिदू म्हणाला. "म्या कवा न्हाई म्हनलं? तितंच दोरी लावा. मला जास्तीचं टीचभर रान नकोय."

"हद् कुटं हाय ते मला म्हाईतंय. तू नको शिकवूस. उद्या गिऱ्हाईक येनार रान बघाया, आन् आज दगुड हितं. तुजी हिंमत कशी झाली, त्येवढंच सांग."

अनिताने जाळीकडे पाहिलं. उभा केलेला दगड लांबुडका होता, खालचा हातभर भाग मातीत राहून काळा पडलेला. त्याच्या बरोबर मागे, जाळीच्या बुडाशी, चपट्या दगडांची एक रास होती. त्या राशीत काय आहे, हे तिथे उभ्या असलेल्या माणसांपैकी फक्त तिला माहीत होतं.

एक डबा होता. हवाबंद झाकणाचा, हिरवा रंग दिलेला. तिनेच ठेवलेला.

अनिता कामशेतला एका दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त तपासायचं काम करत असे. बीएस्सी झालेली, तळेगावकडची. चार वर्षांपूर्वी एका पावसाळी पायवाटेवर पुण्याची एक बाई फोन हातात धरून दगड उलटेपालटे करताना तिला दिसली होती. काय हरवलंय, असं अनिताने विचारलं. हरवलं नाही, कुणीतरी लपवलंय, ते शोधतेय, असं ती बाई म्हणाली. जगभर लोक असे डबे लपवतात, जागेचे अक्षांश-रेखांश एका संकेतस्थळावर टाकतात, आणि दुसरे लोक ते शोधतात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा लपवायचा. बक्षीस काही नसतं.

अनिताला हे फार आवडलं. तिने 'लिटमस' या नावाने खातं उघडलं. तिथे ती कुणाची सून नव्हती. तिने लपवलेल्या डब्यांबद्दल लोक लिहीत, की जागा सुंदर निवडली आहे, डबा कोरडा होता, लिटमसचे डबे नेहमी नीट असतात. ते वाचताना कामशेतच्या स्टॅंडवरचा गलका तिला ऐकू येत नसे.

हा डबा नोंदवताना एक प्रश्न आला होता. जमीन मालकाची परवानगी आहे का? तिने 'आहे' वर खूण केली होती. घरात कुणालाच विचारलं नव्हतं.

आणि पावसाळा संपता संपता 'रानवाट' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं. झाडाखाली फोन नीट जागा दाखवत नाही, पाच-दहा मीटरने चुकतो; आधी वरच्या खुंटाजवळ शोधत बसलो, तिथला एक रोवलेला दगडसुद्धा काढून पाहिला; शेवटी जाळीत सापडला. पुढच्यांची फसगत होऊ नये म्हणून तो दगड आणून जाळीजवळ खुणेला उभा केला आहे.

अनिताने हे गाडीची वाट बघत वाचलं होतं. खाली उत्तर लिहिलं होतं: धन्यवाद. दुसऱ्याचा एवढा विचार सगळेच करत नाहीत.

"सूनबाई," महिपती आबा म्हणाले. "चहा निवतोय. दे की मानसांना."

तिने पेले वेगळे केले. पहिला भरला. गड्याने तो घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. दुसरा भरत असताना कैलासने शिदूच्या पोटात लाथ घातली. चहा पेल्याबाहेर सांडला आणि तिच्या अंगठ्यावर आला. तो अजून गरम होता.

बोलायचं वाक्य तिच्याकडे तयार होतं. दोन वर्षांपूर्वी असंच एक वाक्य ती बोलली होती. भावकीसमोर कैलासने सातबारा चुकीचा वाचला आणि तिने तो नीट वाचून दाखवला. घरी आल्यावर त्याने तिचं डोकं मोरीच्या कट्ट्यावर आपटलं. तेव्हापासून तिच्या डाव्या कानात बारीक शिटी वाजत असते. आत्ताही वाजत होती.

वरून हिरी धावत आली, शिदूची बायको. डोक्यावरचा गवताचा भारा तिने धावता धावताच टाकून दिला होता. ती कैलासच्या हातावर झेपावली आणि त्याच्या मनगटाला चावली. कैलास ओरडला. त्याने तिच्या केसांना धरून तिला फिरवलं आणि सोडून दिलं. ती खांबांच्या ढिगावर जाऊन आपटली.

"बाईला हात लावू नगंस," शिदू म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ गळत होती.

"मग बाईनं मला चावायचं व्हय?" कैलास मनगट चोळत म्हणाला. "कुत्री पाळल्यात घरात."

"थांब रं," आबा उठले. ते हिरीसमोर जाऊन उभे राहिले. "हद्दीची माती डोक्यावर घ्या आन् सांगा. पयल्यापास्नं हीच रीत हाय. मग काय ते बघू."

हिरीने नखांनी माती उकरली. कोरडी होती, पटकन निघेना. तिने मूठभर काढली, आधी शिदूच्या डोक्यावर थोडी ठेवली, मग उरलेली आपल्या.

"आमी दगुड हालवला आसंल," ती म्हणाली, "तर माज्या घरात दिवा लावाया मागं कुनी ऱ्हाऊ नये."

माती तिच्या भुवयांवर ओघळली. तिने ती पुसली नाही. महिपती आबांनी तोंड फिरवलं. अशी माती कुणी खोटी घेत नाही, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते आणि त्यांचा त्यावर विश्वास होता.

"ऱ्हाऊ दे कैलास," ते म्हणाले. "त्यांनी न्हाई केलं."

"मग कुनी केलं? देवानं?" कैलास म्हणाला. "मातीनं काय हुतंय. माती काय, कुनीबी घेतंय डोक्यावर."

आता, असं अनिताने स्वतःला सांगितलं. तिने किटली खाली ठेवली. तेवढ्या वेळात दांडा वर गेला आणि शिदूने डोकं वाचवायला डावा हात आडवा धरला.

कोपर आणि मनगट यांच्या मधोमध सांधा नसतो. शिदूचा हात तिथे वाकला. आवाज लहानसा झाला. शिदू खाली बसला, आणि त्याने तो हात दुसऱ्या हातात असा धरला, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि सांभाळायला दिलाय.

"दगड माझ्यामुळे हलला," अनिता म्हणाली.

कैलासला ते कळलंच नाही. "तू घरी जा," तो म्हणाला.

ती जाळीत शिरली. काट्यांनी हात ओरबाडले. चपटे दगड बाजूला करून तिने डबा ओढून काढला आणि कैलाससमोर धरला.

"हा मी ठेवलाय. लोक शोधायला येतात. शोधताना एकानं खुंटाजवळचा दगड काढला आणि इथे आणून उभा केला. मला त्यानं कळवलं होतं. तो हद्दीचा दगड आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. यांचा काही संबंध नाही."

"लोक म्हंजे कोन लोक?"

"ओळखीचे नाहीत. फोनवर जागा टाकलेली असते."

"वळखीचे न्हाईत." कैलासने डबा हातात घेतला. झाकण उघडलं. एक काचेची गोटी, परदेशी नाणं, प्लास्टिकचा बेडूक, छोटी वही. तो एकेक वस्तू बघत होता आणि त्याचा आवाज हळू होत गेला. "माज्या रानात परकी मानसं येत्यात. दगुड उपटत्यात. आन् बायकूला सांगून जात्यात. परवानगी कुनी दिली?"

"मी," अनिता म्हणाली.

डब्याची कड तिच्या उजव्या भुवईवर बसली. पहिल्या क्षणी दुखलं नाही, फक्त त्या बाजूचा डोंगर लाल झाला. दुसऱ्यांदा त्याने डबा गालावर मारला, तेव्हा दात तिच्याच जिभेत रुतले. ती पडल्यावर त्याने लाथ घातली, बरगड्यांत, आणि मग आणखी एक. बेडूक तिच्या तोंडासमोर गवतात पडला होता. त्याचा रंग अजून नवा होता.

"मी काय? मी?" कैलास विचारत होता. "तुज्या बापाचं रान हाय?"

"बास," महिपती आबा म्हणाले. "मानसं बघत्यात."

कैलास थांबला. धापा टाकत त्याने गड्यांकडे पाहिलं. "बघताय काय? खड्डं घ्या."

गड्यांनी पेले गवतात ठेवले आणि पहारी उचलल्या. जाळीजवळ पडलेली दोरी उचलून त्यांनी ती ऐनाच्या खुंटाला बांधली. हद्द जिथे होती तिथेच होती.

अनिता उठून बसली. तिने आपली ओढणी फाडली, गड्यांच्या सामानातल्या दोन बांबूच्या कामट्या घेतल्या आणि शिदूचा हात बांधायला लागली. उजवा डोळा मिटत चालला होता. शिदू तिला बांधू देत होता. दुखलं की नुसता श्वास आत ओढत होता.

"वैनी," तो हळूच म्हणाला. "मगाशी चा वतत व्हता तवा म्हाईत व्हतं तुमाला?"

"होय," अनिता म्हणाली.

त्याने मान हलवली.

वस्तीतल्या एकाचा टेंपो मिळाला. हिरी आणि शिदू मागे बसले. अनिताही चढली. तिला कुणी बोलावलं नाही आणि कुणी उतर म्हणालं नाही. कार्ल्याचा फाटा मागे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की किटली आपल्या हातात आहे. ती कधी उचलली, तिला आठवेना.

कामशेतच्या दवाखान्यात शिदूच्या हाताचा एक्स-रे फोटो काढला. दोन्ही हाडं मोडली होती, सळई घालावी लागणार होती. त्याआधी रक्त तपासायचं. तळमजल्यावर त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं.

अनिताने हात धुतले, मोजे घातले. शिदूने उजवा हात टेबलावर ठेवला आणि तोंड खिडकीकडे केलं. एका डोळ्याने बघताना सुईचं टोक आणि कातडी यांतलं अंतर नीट समजत नाही. तिने डोळा मिटला आणि बोटाने शीर शोधली. ती सापडली तेव्हा बोटाखाली किंचित उसळली. नळी भरली. तिने त्यावर नाव लिहिलं.

डॉक्टर कागद घेऊन खाली आले. आधी त्यांनी शिदूकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कसं झालं?"

"पडलो," शिदू म्हणाला. "घसरंडीवरनं."

"आणि अनिता, तू?"

शिदू आणि हिरी दोघंही जमिनीकडे बघत होते. त्यांना परत त्याच डोंगराखाली राहायचं होतं. तिच्या कानात शिटी वाजत होती.

"हे पडले नाहीत," अनिता म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं मारलंय. कुदळीच्या दांड्यानं. मी तिथेच उभी होते. मलाही त्यानंच मारलं."

"मग हे पोलिसांना कळवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "तुला जबाब द्यावा लागेल. नंतर घरी जाता येईल का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "जबाब देते."

शिदूने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्याला आत नेलं.

अनिता बाहेरच्या बाकावर बसली. जीभ सुजली होती. फोन वाजला. संकेतस्थळावर कुणीतरी विचारलं होतं: उद्या चौघं जण येतोय, लिटमस, भाज्याचा डबा जागेवर आहे ना? तिने एका डोळ्याने अक्षरं जुळवत उत्तर लिहिलं: नाही. तिथे जाऊ नका. जागा निवडताना माझी चूक झाली. मग तिने त्या डब्याचं पान कायमचं बंद केलं. नकाशावरची हिरवी खूण गेली. खाली नुसतं रान राहिलं, कुणाचंच नाव नसलेलं.

हिरी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिच्या केसांत अजून माती होती. बराच वेळ ती किटलीकडे बघत राहिली. मग उठली, किटली उचलून अंगणातल्या नळाशी गेली आणि उरलेला गार चहा तिने गटारात ओतून टाकला. चिमूटभर माती घेऊन किटली आतून-बाहेरून घासली. दोनदा विसळली. पदराने पुसली.

परत येऊन तिने ती अनिताच्या पायाशी ठेवली.

"तुमची किटली," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.