बेचाळीस वेढे

"वहिनी, मिस्त्रींना बोलवा. मोटार जळलीय." गिरणीवाल्याने हातगाडीवरची मोटार कशीबशी ओट्यावर उतरवली.

"ते आत आहेत. पण काम आता मी करते," ती म्हणाली.

गिरणीवाला तिच्या खांद्यावरून आत डोकावला. खुर्चीतल्या मिस्त्रींनी मान खाली घातली. मोटार वाइंडिंगमध्ये, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरण्यात, सव्वीस वर्षं त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सव्वा वर्षापूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली.

"तुम्ही? जमेल?"

"पंखे, मिक्सर केलेत. एवढी मोठी ही पहिलीच." तिला खोटं बोलता येत नसे. "परवा देते. बाकीचे मिस्त्री आठ दिवस लावतील."

गिरणी आठ दिवस बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. हो-ना करत तो गेला.

मिस्त्रींना बायकोच्या बचत गटाची ती बैठक आठवली. याच खोलीत दहा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कोणी शिलाई मशीनसाठी कर्ज मागितलं, कोणी भाजीच्या गाडीसाठी. हिने मागितलं तांब्याच्या तारेसाठी.

"अगं बाई, तार? तार शिजवून खाणारेस का?" शिवणकामवाली मावशी म्हणाली आणि सगळ्या खो-खो हसल्या. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बायकोला कधी तारेला हात लावू दिला नव्हता. दुकानातलं काम ते घरी आणून करत, तेव्हा तिने चहा ठेवायचा आणि निघायचं, एवढंच.

"येतं का तुला?" मावशीने विचारलं.

"बघून बघून येतं. अडलं तर हे सांगतील."

"हप्ता थकला तर आपण सगळ्यांनी भरायचाय गं, बायांनो." असं म्हणून मावशीने पहिली सही स्वतःच ठोकली. मागोमाग आठ जणींनी केली. मोटारीच्या पोटात काय असतं, हे त्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. ज्या दुकानमालकाकडे मिस्त्रींनी जन्म घालवला, तो आजारपणात फिरकलाही नव्हता. आणि या बायका काहीही न कळता जामीन राहिल्या होत्या. मिस्त्री थक्क होऊन त्या सह्यांकडे बघत राहिले होते.

आता ती जळक्या कॉइलच्या तारेचे वेढे एकेक करून मोजत होती; जितके निघतील, तितकेच नव्या तारेचे भरायचे. "बेचाळीस वेढे."

मिस्त्रींनी मान हलवली. "चा...ळीस."

"अहो, तीनदा मोजले. दुसऱ्या कॉइलमध्येही तेवढेच."

"चाळीस!" त्यांनी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली. अशा शंभर मोटारी त्यांनी भरल्या होत्या.

ती थांबली. चुकलं तर कर्जाची सगळी तार वाया जाणार होती, नऊ जणींना तोंड कसं दाखवायचं? मग हलकेच म्हणाली, "तुम्ही चाळीस म्हणता, पण मोटार बेचाळीस म्हणतेय. रागावू नका."

आणि तिने बेचाळीस भरले. मिस्त्री दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मात्र तिच्याबरोबर गिरणीत जायला हट्टाने निघाले. हातगाडीवर एकीकडे मोटार, एकीकडे मिस्त्री. "दोन्ही माल पोचले," गिरणीवाला म्हणाला, पण हसू काही त्याला नीट आलं नाही. दाराशी गटातल्या बायका दळणाचे डबे घेऊन आधीच उभ्या होत्या.

तिने बटण दाबलं. पट्टा फिरला. मिस्त्रींनी डोळे मिटून कान लावला. आवाज एकसारखा होता, कुठे घरघर नाही. मोटार तासभर चालली, तसा त्यांनी मोटारीच्या पाठीवर डावा तळहात टेकवला. नुसती कोमट होती. वेढे कमी पडले की मोटार तापते; चाळीस वेढ्यांनी चटका बसला असता. सव्वीस वर्षं हेच काम केलेला माणूस चुकला होता, आणि ही बाई बघून बघून शिकली होती.

"बे...चाळीस," ते म्हणाले.

तिने पदराने कपाळ पुसल्यासारखं करून डोळे पुसले.

"गॅरंटी कोणाची, मिस्त्री?" गिरणीवाल्याने सवयीने विचारलं.

मिस्त्रींनी तिच्याकडे बोट केलं.

"माझी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पंपाची मोटार येऊन पडली. ती तार बसवायच्या खाचा साफ करायला बसली. मिस्त्री खुर्चीतून सरकत सरकत जमिनीवर उतरले आणि त्यांनी इन्सुलेशनचा कागद ओढून घेतला. खाचेत घालायच्या पट्ट्या कापणं, हे नव्या पोराला पहिल्या दिवशी देतात ते काम. लुळा उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलला, कागद हलू नये म्हणून त्यावर वजनासारखा ठेवला, आणि कात्री घेतली.

पहिली पट्टी वाकडी गेली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी कापायला घेतली.