आपोआप चालणारं कारंजं

"कॉक," पडद्याच्या पलीकडून रणजीत दातांतल्या दातांत म्हणाला आणि लगेच पाहुण्यांसाठी आवाज मोठा करून, "घाबरू नका, बंद नाही पडलं. हवेचा दाब बदलतो ना, म्हणून मध्येच श्वास घेतं. आता बघा!"

सुनयनानं कॉक फिरवला. पलीकडं कारंजं पुन्हा उसळलं. बायकांनी "अगो बाय!" केलं, पोरांनी टाळ्या पिटल्या.

पडद्याच्या अलीकडं, जिन्याखालच्या कोनाड्यात, जिथं एरवी सायकली आणि मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या असत, तिथं ती साडी खोचून उकिडवी बसली होती. दहा महिन्यांची राजलक्ष्मी तिच्या पाठीला ओढणीनं बांधलेली. समोर फळीवर दोन निळे कॅन. एकातलं पाणी संपत आलं की दुसऱ्याचा कॉक उघडायचा, आणि तो चालू आहे तोवर खाली बादलीत उतरलेलं पाणी उचलून, नरसाळ्यानं पहिल्यात ओतून, झाकण करकचून आवळायचं. मग पुन्हा तेच. सकाळी पूजेची मांडणी झाली तेव्हापासून ती हे करत होती. पलीकडं पुठ्ठ्यावर रणजीतनं सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'लाइट नाही, मोटर नाही. आपोआप चालणारं कारंजं.'

ते निळे कॅनही तिचेच होते. घरातलं प्यायचं पाणी त्यांतच भरलेलं असे.

सोसायटीचा पंप दिवाळीआधी जळाला होता. आता पंच्याण्णवचा सव्वीस जानेवारी आला, सोसायटीचा सत्यनारायण आला, तरी पंपाचा ठराव काही झाला नव्हता. नेरुळच्या त्या चार मजली इमारतीत पाणी फाटकाजवळच्या नळाला यायचं आणि तिथून ज्याचं त्यानं न्यायचं. 'ज्याचं त्यानं' म्हणजे जिचं तिनं. सुनयनाचं घर तिसऱ्या मजल्यावर.

आणि नेमका त्याच काळात फाटकाजवळच्या कट्ट्यावर वाद रंगायचा, की पाणी खालून वर आपोआप चढेल का.

वादाचं मूळ रणजीत, तिचा नवरा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तो गाड्यांची नोंद करायचा. बारावी सायन्सनंतर शिक्षण सुटलं होतं, पण सायन्स सुटलं नव्हतं. कुठल्याशा प्रदर्शनात त्यानं नळ्या-बाटल्यांचं कारंजं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच.

"लाइट नाय, मोटर नाय, आनि पानी वर चरंल?" सेक्रेटरी हरेश मांडीवर थाप मारून हसायचा. तो मूळचा शेजारच्याच शिरवणे गावचा, वडिलांची खाडीकाठची शेती खाऱ्या पाण्याखाली गेली तेव्हा पाणी कसं वागतं हे त्यानं बघितलेलं. "मना काय येरा समजलास?"

"हरेशशेठ, झाडात पाणी वर चढतं का नाही? नारळात कोण भरायला जातं?"

"मंग तुझे कारंज्यावर नारल लाव. निदान खोबरा तरी मिलंल!"

कट्टा हसायचा. आणि त्या हसण्यातून, त्यांच्या गुडघ्यांना घासून, सुनयना कमरेवर पोर आणि हातात भरलेला कॅन घेऊन जिन्याकडं जायची. वाद न थांबवता ते पाय आखडून घ्यायचे. पाणी वर कसं चढणार, म्हणून चार बाप्ये भांडत होते आणि पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत वर चढत होतं. एकाला म्हणून दिसत नव्हतं. सुनयनाला हसू यायचं तेव्हा. राग नंतर आला.

एकाला मात्र त्या कारंज्याचं खरंच अप्रूप होतं. मामंजींना. भैरू, तिचा सासरा, साताऱ्याकडून तरुणपणी माथाडी म्हणून आलेला. जन्मभर पोती वाहून मानेमागं नारळाएवढा घट्टा आला होता आणि मान त्याखाली कायमची वाकली होती. गॅलरीत रणजीत नळ्या जोडायचा, तेव्हा ते स्टुलावर बसून टक लावून बघायचे. "खरंच चढतंय का रं? कुनी न उचलता?"

"चढणार, आबा. सायन्स आहे."

"मग लई बेस झालं की," ते म्हणायचे आणि हात आपोआप मानेवर जायचा.

गॅलरीत कारंजं चाललं. थोडा वेळच. मग वरचं पाणी संपलं आणि धार बसली. रणजीत संध्याकाळभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तिलाच कणव आली. चहा घेऊन गेली, म्हणाली, "चाललं तर होतं की हो. पाणी परत वर ओतलं की परत चालेल."

त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. कणव करायलाच नको होती. कारण पडद्याची कल्पना त्याला त्या क्षणी सुचली.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, सुनी. मी हरेशला सगळ्यांसमोर बोलून बसलोय."

"पण पूजेला आपण बसणार आहोत ना?"

सोसायटीनंच ठरवलं होतं ते. पहिलं मूल झालेलं जोडपं म्हणून मान त्यांना. तिनं ट्रंकेतून लग्नाचा शालू काढून आठवडाभर दोरीवर हवेला घातला होता. येणारी जाणारी प्रत्येक बाई विचारायची आणि ती प्रत्येकीला सांगायची.

"हरेश आणि संध्यावैनी बसतील. मी बघतो काय सांगायचं ते."

काय सांगितलं ते तिला पडद्यामागंच कळलं. गुरुजींनी संकल्प सोडला आणि संध्यानं विचारलं, "रणजीतभाऊ, सुनयना कशी दिसत नाय ती?"

"तिला आज सकाळीच अडचण आली, वैनी. वर बसलीय."

"अरेरे! काय गो नशीब. शालू बी काढलेला बिचारीनं." मग आवाज खाली आणत बाकीच्या बायकांना, "परसाद देयाला कोनी वर जावू नका हां."

सुनयनाच्या हातातलं नरसाळं तसंच राहिलं. काल रात्री डोक्यावरून न्हाऊन तिनं केस वाळवले होते. उपास धरला होता. तो 'तिला ताप आलाय' म्हणू शकला असता. 'माहेरी गेलीय' म्हणू शकला असता. पण हे सोपं होतं. हे सांगितल्यावर कुणी वर बघायला जात नाही, कुणी पुढं विचारत नाही, आणि बाई सबंध दिवसापुरती पुसून टाकता येते. बारा वर्षं शाळा शिकून त्याला एवढं बरोबर माहीत होतं.

तरीही तिनं कॉक फिरवला. का, तर पडद्याच्या फटीतून तिला मामंजी दिसत होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी, कारंज्यासमोर खुर्ची ओढून बसलेले. येईल त्याला हात धरून दाखवत होते. "माझ्या पोराचं हाय. बघा, कुनी उचलत न्हाई, कुनी वाहत न्हाई." आणि मग कुणीच जवळ नसताना, कारंज्यालाच म्हणाले, "आमच्या वक्ताला कुटं व्हतास रं तू?"

त्या एका माणसासाठी ती ओतत राहिली. पाठीवर पोर किरकिरायला लागली होती. दूध उतरून पोलकं भिजलं होतं. बोटांना पाण्यानं सुरकुत्या पडल्या होत्या.

कथेचा शेवटचा अध्याय संपला. हरेश पूजेवरून उठला तो थेट कारंज्यापाशी आला. बराच वेळ वाकून वाकून बघत राहिला.

"जमवलास रे," अखेर तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "म्या हारलो. खरा सांग, कोनाची मदत घेतलीस?"

"कुणाची नाही, शेठ," रणजीत म्हणाला. "एकट्यानं केलं. माझं मी."

पाठीवरची राजलक्ष्मी आता रडायला लागली. "पोर कोनाची रडते?" कुणीतरी म्हणालं. रणजीतनं टेपचा आवाज वाढवला आणि पडद्याला पाय लावला. "कॉक!"

सुनयनानं ओढणी सोडली, पोर पुढं घेतली आणि तिथंच, ओल्या फरशीवर बसून तिला पदराखाली घेतलं.

पलीकडं धार हातभराची वीतभर झाली. मग बोटभर.

"श्वास घेतंय," रणजीत म्हणाला. "आत्ता बघा. आत्ता..."

धार बसली. थाळ्यातल्या पाण्यावर एक गुलाबाची पाकळी फिरत फिरत थांबली.

पोरीचं पोट भरेपर्यंत ती उठली नाही. मग पडदा बाजूला सारून बाहेर आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली साडी, विस्कटलेला अंबाडा, कडेवर पोर.

संध्यानं पहिल्यांदा स्वतःचा पदर आवरून घेतला. "अगो, तू हितं? देवाचे बाजूला? तुला तं..."

"मला काही झालेलं नाही, संध्याताई. सकाळपासून या पडद्यामागं आहे. पाणी भरतेय."

हरेशनं आत डोकावून पाहिलं. नरसाळं पाहिलं, कॅन पाहिले. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. टेपवरचं गाणं तेवढं वाजत राहिलं.

"सुनी, वर जा," रणजीत हळू आवाजात म्हणाला. "वर जाऊन बोलू."

"तुम्ही इथं सगळ्यांत सांगितलंत. मी वर का बोलू?"

तिनं दोन्ही कॅनच्या नळ्या खेचून काढल्या. त्या सापासारख्या फरशीवर पडल्या. खाली उतरलेलं पाणी रिकाम्या कॅनमध्ये ओतून घेतलं; वर घरात पाण्याचा थेंब नव्हता.

"तूच वतत व्हतीस व्हय?" मामंजी खुर्चीतून उठले होते. टोपी हातात होती.

"होय, मामंजी."

त्यांनी बंद पडलेल्या कारंज्याकडं पाहिलं. रणजीतकडं बघितलंच नाही. मग पुढं आले, खाली वाकले आणि एक कॅन उचलून खांद्यावर घेतला, सवयीनं, मानेच्या घट्ट्याला टेकवून.

"मामंजी, राहू द्या. मी नेते दोन्ही."

"तू पोर सांबाळ," ते म्हणाले. "चल म्होरं."

सगळ्यांनी वाट दिली. या वेळी पाय आखडून घेतले नाहीत, चांगलं उठून बाजूला झाले. एका हातात कॅन, दुसऱ्या हातावर पोर घेऊन ती पुढं, आणि कठड्याला धरत, दर वळणावर दम खात मामंजी मागं. खाली आरती सुरू झाली. नेहमीसारखी जोरात नाही.

घरात शालू दोरीवर तसाच होता. ती त्याच्याखालून वाकून गेली. स्वयंपाकघरात ओट्याखाली फरशीवर दोन गोल डाग होते, इतके महिने कॅन ठेवून ठेवून पडलेले. मामंजींनी खांद्यावरचा कॅन उतरवला आणि सरकवत सरकवत नेमका एका गोलावर बसवला. दुसऱ्या गोलावर तिनं आपला ठेवला.

राजलक्ष्मी रांगत आली आणि कॅनच्या झाकणावर थपाथपा हात मारायला लागली.