चौदा तासांची दुपार

यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, तरी सांगतो. मी एकदा सूर्याला चौदा तास एका जागी बसवून ठेवलं होतं.

परवा भाची मुलांना घेऊन माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मुलांना मी हेच सांगत होतो. भाची शेजारी मटार सोलत होती.

“तुमची आजी, म्हणजे माझी थोरली ताई, दूरदेशी इस्पितळात होती. सकाळी तुमच्या आईचा फोन आला, ‘मामा, डॉक्टर म्हणतात, फार तर आज सूर्य मावळेपर्यंत.’ मी पायात चपला अडकवल्या आणि विमानतळ गाठला. विमान मिळालं भर दुपारचं. खिडकीवरच्या बाईंना विचारलं, अंतर किती? म्हणाल्या, साडेबारा हजार किलोमीटर, चौदा तास. म्हणजे सूर्य माझ्या हातावर तुरी देणार!

“विमान उडताच मी थेट वैमानिकाकडे. म्हटलं, ‘बाबा रे, सूर्याचं शेपूट सोडू नकोस. मागे राहिलास तर ताई गेली. पुढे गेलास तर सकाळ होईल.’ तो म्हणाला, ‘काका, आधी पट्टा लावा.’ पण गडी दर्दी निघाला!

“बघतो तर सूर्य पंखाच्या टोकावर मांडी ठोकून बसलेला. खाली ढगांवर विमानाची सावली, जागची हलेना. समुद्र सरला, बर्फाचे डोंगर सरले, आणि खाली गावामागून गाव जेवायला बसत गेलं. आपण आयुष्यभर म्हणतो, दुपार झाली. अरे, ती होत नाही! ती येते, आणि उठून पुढच्या गावाला जाते. अख्ख्या पृथ्वीवरून अशी चालत जाते. त्या दिवशी मी तिच्या खांद्यावर होतो.”

मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती.

“विमानातल्या पोरीला एकच नियम ठाऊक. दुपार झाली की जेवण. दुपार संपेना, म्हणून जेवणही संपेना. चौथ्या ताटाला मी पँटचं बटण सोडलं.”

“मामा, पुरे हं,” भाची हसून म्हणाली.

“ऐक गं. उतरलो तेव्हाही ऊन डोक्यावरच. ताईच्या खोलीत शिरलो. तिच्या पांघरुणावर उन्हाचा पट्टा पडला होता. डोळे उघडून म्हणाली, ‘आलास? जेवलास का?’ म्हटलं, ‘चारदा.’ खुदकन हसली. माझा हात हातात घेतला. मग मी सूर्याला म्हटलं, जा बाबा आता.”

भाचीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“थाप आहे ही, मामा,” ती म्हणाली. “आमचं घर आणि ते इस्पितळ, दोन्ही इथून पूर्वेला. तिकडे जाताना दिवस लांबत नाही, आखडतो. इस्पितळाच्या दारात मीच उभी होते. तुम्ही आलात तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता, आणि आईची खाट रिकामी होती.”