खोडातला की कंदातला

जैनाबादच्या लीलाबाईंना दाखवायला आजूबाजूचे शेतकरी केळीतला भुंगा काडेपेटीत घालून आणायचे. केळीत भुंगे दोन, दोन्ही काळे, दोघांनाही सोंड. लांबट असतो तो खोड पोखरतो. त्यानं पोखरलेलं झाड मधेच मोडतं, कंद शाबूत राहतो. दुसरा त्याहून तिळभर आखूड. तो कंदातच घर करतो आणि लागवडीच्या कंदाबरोबर फुकटात दुसऱ्याच्या शेतात जातो. हा तिळाएवढा फरक बाई बघताक्षणी सांगत, आणि त्याचा त्यांना तोरा होता. असेना का. मिरवावं असं बाईमाणसाच्या वाट्याला येतं तरी किती?

गेल्या आषाढात लेक दीपाली आणि जावई अक्षय जसोंडीहून कंद न्यायला आले. त्यांची केळीची पहिलीच लागवड होती. बाईंच्या बागेत जावयाला एक भुंगा सापडला. तो त्यानं सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. बाईंना नुसता काळा ठिपका दिसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि त्यांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. एक कंद विळ्यानं कापला असता तर आतली भोकं बोटालाही लागली असती. पण जावयासमोर चाचपडायचं कसं? खोडातला आहे, बिनघोर न्या, म्हणाल्या.

वैशाखातल्या वादळात जसोंडीची बाग घडांसकट आडवी झाली. एकही खोड मोडलं नव्हतं. झाडं कंदातूनच उन्मळून पडली होती.

दुसऱ्या दिवशी दीपाली पोखरलेला कंद घेऊन माहेरी आली. घरी सगळे अक्षयलाच बोल लावत होते, जमीन न बघता लागवड केली म्हणून. तो सकाळपासून जेवला नव्हता. आईवर तिचा संशय नव्हताच. बाई गप्प बसल्या असत्या तर खपून गेलं असतं. पण जावई उपाशी आहे हे ऐकून त्यांनी तो कंद हातात घेतला आणि बोटानं भोकं चाचपली.

"जावयाची गलती नाही," त्या म्हणाल्या. "तो भुंगा मले दिसलाच नव्हता. वरीस झालं, मले काहीच धड दिसत नाही."

दीपाली रडली नाही, भांडली नाही. तिनं मोबाइल काढला.

"माय, या सालभरात अजून कोणाकोणाले कंद दिले?"

धूलकोटचा कडू, सोजरबाई, श्रीकांत, निरंजन... बाई आठवून आठवून सांगू लागल्या. सातव्या नावाला दीपालीनं मोबाइलवर लिहिणं थांबवलं. बाईंची नावं अजून संपली नव्हती.