पर्नेलसाहेबांचा पाच इंची कान

मित्रांनो, मी मोटारीतल्या रेडिओचा एक जुना, पाच इंची स्पीकर आहे. मोटार भंगारात निघाली तेव्हा पर्नेलसाहेबांनी मला काढून घेतले. डेट्रॉइटमध्ये राहत्या घराच्या तळघरात त्यांनी नुकतीच रेकॉर्ड कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे एक पियानो, सात खुर्च्या आणि पुष्कळ आत्मविश्वास.

"आपलं गिऱ्हाईक गाणं गाडीत ऐकणार. मग आपणही गाडीच्याच कानांनी ऐकायचं," असे साहेब म्हणत. दर शुक्रवारी नवी गाणी माझ्यातून वाजत, मंडळी हात वर करून कौल देत. तीन गाणी गाजली. पाहुण्यांना आधी मी दाखवला जाई, मग साहेबांच्या पत्नी.

एकदा खुर्चीचा पाय मागच्या बाजूने लागून माझा कागदी पडदा बोटभर फाटला. वरची जाळी शाबूत होती, त्यामुळे कुणाला कळले नाही. यशस्वी माणसाला तपासतो कोण?

पुढच्याच शुक्रवारी आर्डेलियाचे गाणे आले. ती मोटारींच्या सीटा शिवायची. तिला एकच गाणे मिळाले होते. आवाज खर्जातला, भरदार. रेकॉर्डिंगच्या वेळी ती गात असताना ढोलकवाला ऑटिस वाजवायचे विसरला होता. पण खर्ज लागला की माझी चीर फरफरू लागली.

"बाईंच्या घशात माशी गेलीय काय?" पियानोवाला म्हणाला. सगळे हसले.

"अहो, मी इथंच उभी आहे! आत्ता गाते, ऐका तरी!"

"आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून गाणार का, बाई?" साहेबांनी विचारले.

ऑटिसचा हात अर्धा वर गेला. मग त्याने त्याच हाताने डोके खाजवले.

मला ओरडायचे होते, पण माझ्यात वाजेल तेवढेच मी बोलतो. पुढच्या आठवड्यात तिचे गाणे पुसून त्याच फितीवर दुसरे गाणे भरले. खर्जातले सगळेच गळे एकेक करून नापास झाले. उरलेल्या बारीक आवाजांना वर्तमानपत्रे कंपनीची खास शैली म्हणू लागली.

आठ वर्षांनी मला टाकून देताना ऑटिसने जाळी उघडली. तो मला तसाच आर्डेलियाच्या घरी घेऊन गेला. तिने चिरेत बोट घालून पाहिले.

"म्हणजे मी बरी गायले होते?"

"बरी? अगं, मी वाजवायचं विसरलो होतो!"

"मी चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवते रे, ऑटिस. आठ वर्षं."

"आता गा की."

तिने तोंड उघडले. थोडी हवा आली. मग तिने मला त्याच्या हातात परत दिले.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. निदान ज्यांच्यावर विश्वास ठेवता, त्यांची जाळी अधूनमधून उघडून बघत जा. तिला मात्र याचा आता काही उपयोग नाही.